सहीचा रकाना

आमच्या मुरारच्या जच्चाखान्यात तराजू आणला तो मी.
लष्करच्या सराफ्यात चांदी तोलायचा, मोडीत निघालेला,
पाच ग्रॅमनं खोटा. तेवढे मी वजा करते.
कोरडं पॅड चाळीस, भिजलेलं तीनशे दहा,
उरलं ते बाईचं रक्त.
लोक डोळ्यांनी मोजतात: गेलंय थोडं, नेहमीएवढं.
अठ्ठावीस वर्षं बघतेय,
डोळे निम्मंच सांगतात.

रामश्री बघेल, डबऱ्याची, दुसरं बाळंतपण.
मी म्हटलं, बाराशे गेलंय, नाडी एकशे तीस,
पापणीच्या आत कोरा कागद.
रक्त होतं. भिंतीपलीकडे, फ्रिजमध्ये,
तिच्याच गटाचं.
सही नव्हती.
मॅडम दुसरीचं पोट उघडून उभ्या,
आणि फोनवरचा मुलगा विचारत राहिला,
"सिस्टर, हे तुम्हाला वाटतंय की रिपोर्ट आलाय?"
वाटतंय, म्हटलं.
वाटण्याला फॉर्मवर रकाना नव्हता.

चाळीस मिनिटं
एक पिशवी माझ्या मुठीत, तिच्या बेंबीखाली दाबून धरलेली,
दुसरी भिंतीपलीकडे गार.

वाचली रामश्री. वहीत तसंच लिहिलंय.
पण दूध उतरलं नाही तिला.
पुढच्या जूनमध्ये आली ती शाल पांघरून.
ग्वाल्हेरचा जून!
किल्ल्याचा दगड मध्यरात्रीही चटका देतो,
आणि ही दाराशी कुडकुडत:
"सिस्टर, जाड़ो लगत है."
भुवया विरळ, आवाज घोगरा.
मेंदूखाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते म्हणे,
त्या रात्री रक्तावाचून सुकली.
मॅडमनी पुस्तकात चित्र दाखवलं. चित्र स्वच्छ होतं.

यंदा नियम बदलला, आमच्या वॉर्डापुरता.
सहा महिने वर्ग, मग परीक्षा;
मी आणि कोट्टयमची लिसम्मा, दोघीच पास.
फॉर्मवर आता नवा रकाना: निर्णय घेणारी परिचारिका.
आजवर माझी सही पगाराच्या कागदावर,
आणि झोप लागली नाही पहिल्या रात्री,
कुणी आलं नव्हतं तरी.

मग प्रीती कुशवाह आली. एकोणीस वर्षांची.
हिमोग्लोबिन सात पूर्णांक दोन.
सासू म्हणाली, "अब तो तुमाए दसखत चलत,
चढ़ाय देओ बोतल."
लिसम्मानं फॉर्म पुढे केला, पेनाचं टोपण काढून.
मी पॅड तोललं. थांबलं होतं.
नाडी धरली, अठ्ठ्याऐंशी.
उठवून बसवलं, मग उभी केली. भोवळ नाही.
बाळ लुचत होतं, हनुवटीवर दूध.
परक्याचं रक्त म्हणजे पाहुणा,
गरज नसताना बोलवू नये;
शिकवलं नव्हतं हे कुणी असं,
पण सासूला समजलं. किंवा नाही समजलं.
तोंड फिरवून बसली ती.

लिहिलं: रक्त नको. लोहाचं सलाइन.
नाडी दर पंधरा मिनिटांनी, मी स्वतः.
खाली सुहासिनी अनंतराव शितोळे.
रकाना आखूडच,
शेवटचा 'ळे' रेघेबाहेर गेला.

आता सव्वातीन वाजलेत.
नव्वद.
परत बघते.