क्षेत्रफळ

पुस्तकात एक बाग आहे.
चाळीस मीटर लांब, पंचवीस मीटर रुंद,
तिच्याभोवती बाहेरून दोन मीटरचा रस्ता,
रस्त्याला फरशी बसवायची आहे, खर्च काढा.
अकरा वर्षं ही बाग मी सातवी ‘ब’च्या फळ्यावर काढते.
यंदा हर्षदीप साळवे उभा राहिला.
बाई, बागेत राहतं कोण?
कोणी नाही रे. बाग आहे ती.
एवढ्या जागेत कोणीच नाही?
मागच्या बाकावर कुणीतरी शिट्टी वाजवली.

मग उचलली जीभ आणि लावली टाळ्याला:
उद्या आपापलं घर मोजून आणा.
प्रशिक्षणात सांगितलंच होतं, गणित परिसराशी जोडा,
चहा, दोन बिस्किटं आणि प्रमाणपत्रासकट.

दुसऱ्या दिवशी
पटावर एकसष्ट, हजर त्रेचाळीस, वह्या एकोणतीस.
कुणाचं घर साडेसहा झाडू लांब.
कुणी घरापेक्षा टीव्ही मोठा काढला.
राजनंदिनीनं फक्त दार काढलं,
खाली लिहिलं, भाडेकरू आहोत, मालकाला विचारून सांगते.

हर्षदीपकडे खरी टेप होती. बाप लादी बसवतो.
त्यानं गल्लीत उंबऱ्यापासून टेप ओढली मात्र,
समोरची बाई ओरडली, सर्व्हेवाले आले!
दहा मिनिटांत अख्खी गल्ली बाहेर,
प्लास्टिकच्या पिशव्यांत रेशनकार्डं, वीजबिलं, फोटोपास,
एक म्हातारा तर नवऱ्यामुलासारखा टोपी घालून.
आमचं पण लिही, आमचं पण लिही.
मग? मी विचारलं.
लिहिलं मग, बाई. चौदा घरं लिहिली.
वहीची मधली पानं त्यानं माझ्यापुढे धरली.
प्रत्येक घराखाली सही, नाहीतर अंगठा.

ही वही मी तपासायची कशी?

मेहरुन्निसा तांबोळीची दोन ओळींची.
दिवसा १४. रात्री ५६.
मी लाल पेनानं, सवयीनं, विचारलं: एकक?
आणि बाजूला: एका घराचं एकच क्षेत्रफळ असतं.

मधल्या सुट्टीत ती खिचडीचं ताट घेऊन टेबलाशी आली.
दिवसा जरीचा अड्डा असतो, बाई, चार कारागीर बसतात,
सात गुणिले सहा त्यांचं. आमचं उरतं सात गुणिले दोन.
रात्री अड्डा दोरीनं वर छताला बांधतात,
मग सगळं आमचं.
मी मनात वजाबाकी केली. बरोबर होती.
आणि एकक?
हात. अम्मीचा.
तुझा का नाही?
माझ्या हातानं मोजलं तर घर मोठं येतं,
ती म्हणाली, खोटं होईल ना ते.
खिचडीवर माशी बसत होती, ती तिनं हाकलली.

माझं घर चेंबूरला, कर्जातलं, तीनशे ऐंशी चौरस फूट.
बिल्डरनं सांगितलं म्हणून तीनशे ऐंशी.
मी कधी मोजलेलं नाही.

लाल शाई खोडायला लाल शाईच लागते.
खोडलं. वर लिहिलं, बरोबर. चौरस हात.
दैनंदिनीत भरलं: उपक्रम पूर्ण.

घटक चाचणीला पुन्हा तीच बाग आली,
पेपर काही मी काढत नाही.
हर्षदीपनं रीतसर सोडवलं,
बाहेरच्या आयतातून आतला वजा,
दोनशे शहात्तर चौरस मीटर,
दरानं गुणून रुपये, खाली दोन रेघा.
आणि रेघांच्या खाली, पेन्सिलीनं, बारीक अक्षरात:
बाई, या भावात पप्पा जाणार नाहीत.