हात रिकामा नको

एका खोलीतून दुसरीत जाताना हात रिकामा नको,
एवढा एकच कायदा आमच्या घरात.
बाकीचं सगळं त्याच्याच पोटी जन्मलेलं.

माशेलच्या वळणावर पदेराचा भोंगा वाजतो
तेव्हा मी उठते.
उंडे आणायला जाताना कचऱ्याची पिशवी नेते,
येताना दोरीवरचे मोजे.
इथल्या हवेत ते कधीच पुरते वाळत नाहीत,
मग फ्रिजच्या मागे, गरम जाळीवर.
आरशावर उडालेले शिंतोडे
रुद्रेशचे रुद्रेशनंच पुसायचे, फेस तोंडात असतानाच.
तन्वीचं दप्तर रात्रीच दाराशी.
आदोळी लगेच धुवायची, खोबरं चिकटायच्या आत.
बांगड्यांचं पाणी माडाच्या मुळाशी,
त्यावर मांजर नाराज, तिचं ती बघेल.
आठ-दहाची बस. ती दिसेपर्यंतची तीन मिनिटं
बलकावावरच्या चपलांची.

यात सांगण्यासारखं काही नाही.
पतसंस्थेतली शर्मिला विचारते, कामाला बाई ठेवलीस का?
ठेवलीय ना, मी म्हणते,
रोज तिच्याच तोंडानं दात घासते.

मार्चमध्ये प्रेमानंद येतो.
सात महिने जहाजावर,
चौदा केबिनी, दिवसातून दोनदा.
तो टॉवेलचा हंस करतो.
पहिल्या दिवशी मुलं टाळ्या वाजवतात,
चौथ्या दिवशी तन्वी हंसाला केस पुसते.
चादर इतकी ताणून खोचतो
की रुद्रेश रात्री कडेनं आत सरकतो
पाकिटात पत्र सरकवावं तसा.
उशीवर चॉकलेट.
सकाळी उशीवर मुंग्या.
माझे डबे त्यानं उंचीप्रमाणे लावले,
अंधारात मीठ सापडणारा माझा हात
आता साखरेत जातो.

एका मंगळवारी कढीत साखर पडली आणि मी म्हणाले,
हे घर आहे, हॉटेल नव्हे.
ठाऊक आहे, तो म्हणाला.
हॉटेलात कुठं काय ठेवायचं ते मला कळतं.

मग बराच वेळ नुसता पंखा.

त्याचे वाळलेले बनियन घेऊन मी आत गेले,
हात रिकामा नको म्हणून,
आणि ठेवू कुठं ते कळेना.
कपाटातला त्याचा कप्पा
मुलांच्या रेनकोटांनी कधीच गिळलेला.
खाटेखालची बॅग ओढली.
तिच्यात सगळं होतं, गुंडाळून, ओळीनं,
दाढीचं सामान, पासपोर्ट, मुलांचे फोटो रबरबँडमध्ये.
सहा आठवडे झाले होते येऊन,
आणि या माणसानं घरातली
वीतभर जागासुद्धा घेतली नव्हती.

दाराजवळ आमचे तीन खिळे.
एक माझ्या पर्सचा, दोन मुलांच्या ओळखपत्रांचे.
मी हातोडी काढली.
चिऱ्याची भिंत, वरचा गिलावा पोकळ,
पहिला खिळा उडून माठामागे गेला,
दुसरा वाकला, पण टिकला.
लाल भुकटी पडली झाडलेल्या लादीवर.
हे कशाला? तो मागून म्हणाला.
शर्टाला, मी म्हणाले.
आणि झाडू आणायला गेले नाही, दुपारपर्यंत.

त्यानंतर तो शिकला, किंवा मी.
हंस बंद झाले. डबे परत आपापल्या जागी.
एकदा ओला टॉवेल त्यानं खुर्चीवर टाकला
आणि मी ओरडले, मनापासून,
आठवडाभर तो खुशीत होता.

मेच्या शेवटी बोट लागली. तो गेला.
निळा चौकड्यांचा शर्ट न्यायचा विसरला,
विसरला असं तो म्हणतो.

जाता-येता माझा हात त्याला लागतो.
दिवसातून वीस वेळा तरी मी तिथून जाते
काही ना काही उचलून नेत,
तेवढा सोडून.

जुलैत कॉलरवर बुरशी आली.
धुतला, फ्रिजमागे वाळवला,
परत तिथेच लावला.
खिळा वाकडा आहे,
त्यामुळे शर्ट थोडा डावीकडे कलतो.