मोजचाक

साडेसहाला चाक ढकलत निघतो.
दर मीटरला ते टक् करतं.
मागे पगारे, हातात वही,
एक कान ऑस्ट्रेलियातल्या मॅचकडे.

रंग ठरलेत: हिरवा नदीकाठ, निळा जुना कालवा,
तांबडी गावठाणातली गल्ली.
रेषा जोडल्या की पायवाटांचं जाळं होतं, साहेब म्हणाले.
काच अर्धी खाली करून, गाडीतूनच म्हणाले.

तिवंध्यात चाक तीनदा अडलं.
तांब्याच्या घंगाळांपाशी, कढईपाशी,
आणि एका झोपलेल्या कुत्र्यापाशी, जे उठलं नाही.
वहीत नोंद आहे:
रुंदी एक मीटर, वजा कुत्रं.

अकराच्या सुमाराला नासर्डीच्या काठी रेषा संपली.
कंपाउंडची भिंत, वर काचा, पलीकडे कुणाचा तरी प्लॉट.
इथं वाट बंद लिहू, पगारे म्हणाला,
आणि भिंतीतून एक बाई बाहेर आली.

बाभळीमागे फट होती.
कडा खांदे घासून घासून गुळगुळीत झालेल्या,
खाली कुणी पायरीला दगडही लावलेला.

लंकाबाई गांगुर्डे. सिडकोतून कॉलेज रोडला,
चार घरची धुणीभांडी, रोज पायी.
त्यांनी ओल्या बोटानं हवेत वाट काढून दाखवली:
फट, मग पाण्याचा पाइप,
पावसाळ्यात पाइप नाही, वरचा पूल,
मग शाळेचं मागचं मैदान, वॉचमन गावाकडचा,
मग उन्हाळ्यात वडांची बाजू
आणि थंडीत समोरची, तिथं ऊन लवकर येतं.

ऋतूप्रमाणे सरकणारी रेषा
सूचीत कुठल्या रंगानं दाखवायची?

"बाक टाकणार?"
टाकणार.
"दिवे?"
बजेट आलं तर.
"फाटक?"
मी चाकाचा चिखल काढायला लागलो.
आराखड्यात होतं ते. सकाळी सहा ते नऊ, सायंकाळी पाच ते आठ.
"मी साडेपाचला निघते," त्या म्हणाल्या,
आणि पिशवी दुसऱ्या हातात घेऊन चालू लागल्या.

संध्याकाळी ऑफिसात सगळ्या रेषा जोडल्या.
फाटकाच्या वेळेवर पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह केलं.
फट काढली नाही.
नकाशावर आली की कुणीतरी ती बुजवेल,
नाहीतर तिथं कमान उभारून फलक लावेल.

पगारेला विचारलं, भिंतीत काही होतं का रे?
त्यानं वही मिटली.
मॅच ड्रॉ झाली, म्हणाला.