डोळे मिटून बाजार

खोका एका कोपऱ्यावर दबला होता.
आत हिरवट साबण, जैतुनाच्या तेलाचा,
ओव्यासारखा वास येणारी वाळकी पानं,
जाड लोकरीची पट्ट्यापट्ट्यांची पिशवी,
आणि काचेचा एक निळा डोळा,
भोकातून दोरा ओवलेला.

थोरल्याचं नाव मिलिंद ठेवलं तेव्हा
भंतेजी म्हणाले होते, हा यवनांचा राजा,
फार प्रश्न विचारायचा.
तेवढीच माझी ग्रीसची ओळख.
ते साबणही करतात, हे काल कळलं.

तक्षशीला फोनवर म्हणाली,
आई, स्तामातिया आजींनी स्वतः घेतलंय हे,
बाजारात चाचपून चाचपून.
चाचपून कायले व?
त्यांना दिसत नाही ना, सांगितलं होतं तुला.
नव्हतं सांगितलं.
तीन वर्षं पोरगी तिला आंघोळ घालते,
गोळ्या देते, केस विंचरते,
आणि एवढी गोष्ट राहून गेली.

मी तो डोळा दाराच्या खिळ्याला टांगला.
काढला. परत टांगला.
जिला दिसत नाही तिनं
मला डोळा पाठवावा!

गुरुवारी आसोल्याच्या बाजारात
रायवंता बुरडीनीच्या पालापुढं
मी डोळे मिटून बसले.
"झोप आली का काय व बाई?"
म्हटलं, तुह्या टोपल्या हातात दे एकेक.
पहिलीच्या काठाला कूस होती, बोटात गेली.
दुसरी सैल.
पाचवीच्या काठावर बोट फिरत राहिलं,
विणीची सुरुवातच सापडेना.
"थे माह्या सासूच्या हातची, विकाची नोती,"
असं म्हणून रायवंतानं तीस रुपये चढवले.
मी डोळे न उघडता घासाघीस केली.
दहा सुटले.

कोशाचे रुमाल गालाला लावून पाहिले.
दुकानदार ओरडला, पण
कोसा म्हणून ठेवलेले त्यातले दोन नायलॉनचे निघाले,
आणि ते त्यालाही माहीत होतं.

स्तामातियाच्या म्हणे शेळ्या होत्या, शंभरावर.
शेवटची विकली तेव्हा घंटा सोडून ठेवली होती,
ती कुठं गेली आता आठवत नाही.
म्हणून इस्तारीच्या घाट्या वाजवत बसले,
भोवती पोरं जमली,
एकानं विचारलं, बैल कुठं आहे?
बैल नाही रे बाबा, म्हातारी आहे, समुद्रापल्याड.
मग एक घाटी अशी वाजली
की तिचा आवाज संपला तरी
इस्तारी पुढची द्यायला विसरला.

मोह मात्र नाकानंच शोधला,
उन्हात राहिलेल्या गुळासारखा वास,
पावशेर बांधून घेतला.

पोस्टातल्या नेवारेबाबूंनी
मोह बाजूला केला. टोपली बाजूला केली,
बांबूत कीड असते म्हणाले, विदेशात चालत नाही.
मी म्हटलं, वास तरी घेऊन पाहा.
त्यांनी घेतला. मोहाचा दोनदा घेतला.
नियम बदलला नाही.

उरली घाटी आणि कोशाचा रुमाल.
खोक्यात वाजू नये म्हणून
माझ्या जुन्या पातळाचा धडपा गुंडाळला,
तिच्याच साबणानं धुतलेला.
तिला आपला वास ओळखू येईल,
आणि त्याखाली थोडा
कोणाचा तरी दुसराही.

मोह मी आणि शेजारच्या पोरींनी भाजून खाल्ला.
मीठ आणायचं राहिलं ते राहिलंच.
टोपलीत कांदे ठेवते.
रात्री लाईट गेली की
तिच्या काठावरून बोट फिरवत बसते.
सुरुवात अजून सापडलेली नाही.