दोन रुपयांत परत

रास्ता पेठेत, पॉवर हाउसच्या मागे
ताहेरशेठचं दुकान. आधी तिथं छत्र्या दुरुस्त व्हायच्या.
शहाण्णव साली छत्र्या गेल्या, पाच मशिनं आली
आणि पाटीवर रंगाऱ्यानं लिहिलं : फाईटींग.
खेळाचं खरं नाव पडद्यावर जपानीत यायचं,
कुणालाच वाचता यायचं नाही.
म्हणून अख्ख्या पेठेत त्याचं नाव तेच राहिलं,
दोन्ही ठिकाणी दीर्घ.

दुपारी एक ते चार पेठ झोपायची.
ते एक शटर तेवढं कमरेपर्यंत वर.
मी वाकून आत जायची, टायपिंगच्या क्लासची फी
दोन-दोन रुपयांनी संपवायची.
मुलगी मी एकटीच. पहिल्या आठवड्यात कुजबुज झाली.
दुसऱ्यात मी हरले, सलग अकरा वेळा,
आणि कुजबुज थांबली. हरणाऱ्याला तिथं हसत नसत,
काचेच्या कडेवर नाणं ठेवून
नंबर लावत.

निवडायला आठ जण.
झिपरी, घंटावाला, आरशातला, ते जुळे भाऊ,
बाकीच्यांना आम्ही नावंही ठेवली नव्हती,
आणि खाणवाला. जाडा, संथ,
उडी मारली तर खाली यायला सवड घ्यायचा.
त्याला घ्यायचा फक्त नवनाथ,
पंक्चरच्या दुकानातला, अंगठ्याला सोल्युशनचा वास.

'दांडी ढकलायची नाही,' म्हणाला, 'फिरवायची. पूर्ण.
जातं फिरवतात तशी.
आणि दाणा आत पडेस्तोवर थांबायचं.'
माझा दाणा पडायला जुलै ते दिवाळी लागली.
मग एकदा खाणवाल्यानं घंटावाल्याला कवेत घेतलं,
छपरापर्यंत नेलं, आणि
शेजारच्या तालमीतले गुंजाळ वस्ताद, सुट्टे मोडायला आलेले,
मान वळवून म्हणाले,
'ढाक आहे ही. चांगली बसली.'

गुणांच्या यादीत तीनच अक्षरं मावायची.
मी हेमलता; एच-एम-एल झाले.
रात्री ताहेरशेठ प्लग काढायचे,
सगळे विक्रम पुसले जायचे,
सकाळी यादीत पुन्हा कंपनीची माणसं वर.
आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही.
आता वाटतं, थोडं.

दुसऱ्या भागात जुळ्यांतला एक मेला.
तिसऱ्यात परत आला, डाव्या डोळ्यावर पट्टी.
चौथा सगळ्यांनी शिव्या देत खेळला, पण खेळला.
पाचवा आला तोवर दुकानात मोबाइलची कव्हरं होती.
नवनाथचं आडनाव कधी लागलंच नव्हतं,
त्यामुळे विचारायचं कुणाला, आणि काय म्हणून?
सहावा, सातवा मी नुसते ऐकले.
झिपरीनं केस कापले म्हणे. आरशातला चांगला झाला म्हणे.
खाणवाल्याचं जातं मात्र तेच.
ते बदललं असतं
तर मला कळवणार तरी कोण होतं.

परवा सिंहगड रोडला, बहिणीकडे, नववा भाग.
ओजस मला शिकवायला बसला :
'मावशी, सेकंदाला साठ चित्रं.
हा ठोसा चार चित्रांत निघतो, हा सातात.'
बरं, म्हटलं. दाणा पडेस्तोवर.

समोर कुणीतरी, कुठल्याशा गावातून, नावाच्या जागी आकडे.
त्यानंही खाणवालाच घेतला
आणि सुरू व्हायच्या आधी दोनदा खाली बसला.
दोनदा.
नवनाथ बसायचा, दांडी सैल आहे का बघायला.
तिसऱ्या मशिनाची सैलच असायची,
सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधून भागवलेली.
आता सैल व्हायला दांडी तरी कुठंय.

त्यानं मला छपरापर्यंत नेलं. पुन्हा नेलं.
पडदा काळा झाला, मधोमध आकडे उलटे निघाले,
नऊ, आठ.
ओजस ओरडला, 'मावशी, नुसतं बटण दाब ना!'
आणि मी पर्स काढून,
चेन अडकते त्या कप्प्यात,
सुट्टे शोधत होते.