वारा पडला त्या रात्री

पुंता अरेनासच्या उत्तरेला, सामुद्रधुनीच्या काठी,
दोन वाजून दहा मिनिटांनी वारा पडला.

इथे वारा पडत नाही.
इथे झाडं जन्मभर एकीकडे मान वळवून उभी.
गावातल्या चौकात दोर बांधतात,
माणसांनी धरून रस्ता ओलांडावा म्हणून.
नोल्फा मान्सियाच्या बापानं मेंढ्या कातरता कातरता
हयातभर शिव्या घातल्या त्याला;
ती त्याच वाऱ्याचे मेगावॅट मोजते.

पडद्यावर आकडा घसरला. अठ्ठेचाळीस. एकतीस. नऊ.
पाणी फोडणारी यंत्रं एकामागून एक गप्प झाली.
टाकीत हायड्रोजन उरला तासाभराचा,
आणि मिथेनॉलची भट्टी म्हणजे काही दिवा नव्हे
लावला, विझवला;
एकदा गारठली की आतला उत्प्रेरक रुसतो,
मग चार दिवस मनधरणी.

ओयार्सो म्हणाला, गॅसचा बॉयलर पेटवू.
तीस वर्षं तेच बटण दाबलंय आपण,
बोटांना वाट पाठ आहे.

खरं होतं त्याचं.
पण शेजारच्या जुन्या धुराड्यातून
कणाकणानं पकडून आणलेला कर्बवायू
द्रावणात बांधून ठेवलाय,
आणि त्याची गाठ सोडायलाही उष्णताच लागते.
म्हणजे एका हातानं भरायचं, दुसऱ्यानं सांडायचं
आणि वहीत फक्त भरलेलं लिहायचं?

तिनं भार उतरवला, वीस टक्क्यांवर.
दुधाखालची आच बारीक करतात तसा.
मग दोघं नुसती बसून राहिली.

इतकी शांतता की ऐकू आलं
कुठल्याशा पंपाचं ठिबकणं,
लांब खाडीवर एक कुत्रं,
आणि ओयार्सोच्या छातीतली घरघर,
जी इतकी वर्षं वाऱ्यात दडून होती.
"डॉक्टरला दाखवलंस?"
तो काही बोलला नाही.

चारला भट्टीचा पारा काठावर आला.
नोल्फानं बॉयलर पेटवला.
हो, पेटवला.
अकरा मिनिटं.

नंतर वही ओढली, खर्चाच्या रकान्यात
स्वतःच्या अक्षरात लिहिलं: अकरा मिनिटं, किती गॅस, किती कर्ब.
खाली सही.
ओयार्सो म्हणाला, एवढ्याचं कोण बघतंय?
ती म्हणाली, मी बघतेय ना.

पाच वीसला उपाहारगृहाचा पत्र्याचा दरवाजा
धाडकन आपटला.
पडद्यावर तीन. चौदा.
ओयार्सो खोकत उठला, खिडकीशी गेला,
जुन्या सवयीनं म्हणाला,
आला मेला.