पांढरी वायर

अमेरिकेहून आलेली व्हॅन
शारजाच्या सनाया दहात, आमच्या शेडसमोर,
सकाळी साडेसहालाच तापलेली.
पुठ्ठा अंथरून मी खाली सरपटत शिरलो.
चासीभर गंज.
मला वाटायचं, गंज म्हणजे समुद्र जवळ.
फोरमन म्हणाला, तिकडे रस्त्यांवर बर्फ पडतं,
त्यावर मीठ फेकतात.
म्हणजे मीठच शेवटी,
दाभोळच्या जेटीवर आमच्या बिजागऱ्या खाणारं.

वायपरच्या खाचेत सुया निघाल्या, कुठल्याशा झाडाच्या.
सुरूच्या नव्हेत, त्याहून जाड.
टाकवल्या नाहीत.
नटबोल्टांच्या डब्यात ठेवल्या.

हिच बसवला गुल वझीरनं.
चासीत भोकं आधीपासूनच होती,
कारखान्यानंच पाडून ठेवलेली,
हिला पुढे कधीतरी काही ओढावं लागेल
हे कुणीतरी धरून चाललं होतं.
गुल पाना आवळत म्हणाला,
अपने में भी ऊपरवाले ने
छेद करके ही भेजा है, परकार.
आणि स्वतःच हसला, बराच वेळ.

वायरिंग माझं.
या व्हॅनला मागे दोन्ही बाजूंना एकेकच लाल दिवा.
ब्रेक दाबला तर तोच पेटणार,
वळायचं म्हटलं तर तोच लुकलुकणार.
अबू सैफच्या ट्रेलरची रीत वेगळी:
थांबायला लाल, वळायला नारिंगी.
मध्ये दुभाषी बसवावा लागतो,
काडेपेटीएवढा डबा, पस्तीस दिरहमचा.
तो एका दिव्याचं बोलणं ऐकतो
आणि मागच्याला सांगतो,
हा थांबतोय. हा वळतोय.

सायरा फोनवर विचारते, नक्की काय ठरवलंय?
मी म्हणतो, या वर्षी बघू.
ती गप्प.
तिच्याकडे कुठला डबा असणार?

दुपारी जोडणी झाली. गुल पेडलवर,
मी ट्रेलरच्या मागे, अबू सैफच्या होडीच्या सावलीत.
डावा दे!
उजवीकडचा टेललाइट पेटला.
ब्रेक!
सगळे मंदावले, म्हाताऱ्या माणसानं डोळे मिचकावावेत तसे.
शू हादा? अबू सैफनं करकचा कप खाली ठेवला.
अर्थ लागत नाहीये, मी म्हणालो,
मराठीत, कुणालाही नाही.

आयटीआयला खातू सर होते,
एका हाताची दोन बोटं अर्धीच.
म्हणायचे, पोरांनो, सगळे लाल-हिरव्याच्या मागे लागतात.
पांढरी बघा आधी.
करंटला परतायची वाट नसेल
तर तो निघतच नाही घरातून.
आम्ही हसायचो.
आम्ही वीसच्या वीस निघालो की, सर.
तिकिटाचे पैसे उसने काढून,
परतीचं नंतर बघू म्हणत.

पुन्हा पुठ्ठ्यावर. पांढरी वायर
मी घाईत गंजावरच आवळली होती.
बोल्ट काढला. पॉलिश पेपर घेतला,
घासत राहिलो. तपकिरी भुकटी डोळ्यांत, तोंडात,
खारट लागते का म्हणून जिभेवर घोळवून पाहिली.
लागली नाही. लोखंडासारखीच लागली.
नाण्याएवढं लखलखीत पोलाद वर आलं
तेव्हा तिथं वायर लावली.
खरवडल्याशिवाय अर्थ लागत नाही,
हे मोठं काही म्हणून सांगत नाही,
कामाची पद्धत आहे.

डावा. डावा.
उजवा. उजवा.
ब्रेक.
गुलनं उगाचच आणखी चारदा दाबला.

मगरिबनंतर अबू सैफ होडी घेऊन निघाला.
राउंडअबाउटपाशी लाल लागला.
मी मोजत होतो. एक, दोन, तीन.
मग नारिंगी, लुकलुक, उजवीकडे,
आणि भंगाराच्या दुकानाआड सगळं गेलं.

रात्री डब्यात बारा नंबरचा बोल्ट शोधताना
बोटाला काहीतरी टोचलं.
त्या सुया. अजून ताठ.
सायराला फोटो पाठवला. विचारलं,
हे कुठलं झाड असेल?
दोन निळ्या खुणा आल्या.
ती लिहीत होती, थांबत होती, लिहीत होती.